कोरे खवले

मावशींनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांची नजर थेट माझ्या बुटांवर गेली. नवे, टाचेचे, चामड्याचे बूट होते. बंधाऱ्याच्या पोटातल्या मासे मोजायच्या केंद्राच्या खोलीत फरशी बारा महिने ओली असते, हे नेमणुकीच्या पत्रात कोणी लिहिलं नव्हतं. त्यांनी कोपऱ्यातले रबरी बूट पायाने माझ्यापुढे सरकवले. ते मला दोन नंबरांनी मोठे होते. आधीच्या साहेबांचे आहेत, त्या म्हणाल्या, घाला, पाय बसेल हळूहळू. ही बाई आपली टिंगल करतेय असं मला वाटलं, आणि ते खरंच होतं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. राग कायम नाकाच्या शेंड्यावर आणि डोक्यात नुकत्याच मिळालेल्या पदवीची हवा. कागदोपत्री मी अधिकारी आणि मावशी मदतनीस. प्रत्यक्षात फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळं ऑफिस त्यांना मावशीच म्हणायचं, आणि चिमटे कुठे ठेवलेत इथपासून नदी कधी चढेल इथपर्यंत सगळं त्यांनाच विचारायचं. चोवीस वर्षांपूर्वी त्या इथे फरशी पुसायला लागल्या होत्या. पुसता पुसता टेबलावरच्या, माशांचे खवले लावलेल्या काचपट्ट्या सरळ लावून ठेवायच्या. एक दिवस आधीच्या साहेबांच्या लक्षात आलं की पट्ट्या नुसत्या सरळ नाहीत, माशांच्या वयाप्रमाणे लावल्यात. कोणी शिकवलं म्हणून त्यांनी विचारलं, तर मावशी म्हणाल्या, शिकवायचं काय त्यात, रेघा मोजल्या. त्यांच्या यजमानांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. तिथलं डोळ्याला लावायचं भिंग त्या एप्रनच्या खिशातून आणायच्या. त्यानंतर फरशीला दुसरं माणूस आलं आणि मावशी खवल्यांच्या टेबलाशी बसल्या त्या बसल्याच.

आता माशाबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय या गोष्टीला अर्थ नाही.

काठावरची माणसं त्याला चंदेरी म्हणतात. पुस्तकातलं त्याचं नाव जिभेला गाठ पाडणारं आहे. पूर्ण वाढलेला चंदेरी कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत भरतो. पाठ शेवाळी, पोट पांढरं आणि दोन्ही कुशी अशा लखलखीत की तो पाण्यात वळला तर कोणीतरी आरसा फिरवला असं वाटतं. वरून बघणाऱ्या पक्ष्याला त्याची पाठ नदीच्या तळात मिसळलेली दिसते, खालून बघणाऱ्या मोठ्या माशाला पोट आभाळात. गंमत म्हणजे ती चांदी खवल्याची नसतेच. खवला काढून धुतला की आपल्या नखासारखा, आरपार दिसणारा. चमक असते ती खालच्या कातडीतल्या बारीक स्फटिकांची. तोंडात त्याच्या एकही दात नाही. दात असतात घशात, तिथेच तो किडे आणि बारक्या गोगलगायी चावतो. मावशी म्हणायच्या, आमचे हेही तसेच जेवतात, तोंड हललेलं दिसत नाही आणि ताट रिकामं.

थंडी ओसरून पाणी जरा कोमट झालं की चंदेरी नदीतून वर निघतो. बंधाऱ्याच्या वर बऱ्याच अंतरावर उथळ, खळखळत्या पाण्याचे, गोट्यांचे पट्टे आहेत. खालच्या बाजूला सगळा गाळ. गाळात अंडी गुदमरतात, म्हणून त्याला वर गेल्याशिवाय गत्यंतर नाही. त्या दिवसांत नरांच्या डोक्यावर बारीक पांढऱ्या पुळ्या येतात, हात फिरवला तर पॉलिश पेपरसारख्या लागतात. मादीची अंडी चिकट असतात, गोट्यांना धरून राहतात. दहाबारा दिवसांनी त्यातून काडीच्या टोकाएवढी पिल्लं निघतात, प्रवाहाबरोबर खाली येतात, काठच्या संथ पाण्यात वाढतात आणि तीनचार वर्षांनी स्वतः वर जायला तयार होतात. मोठे झालेले मासे तर दर वर्षी वर जातात आणि दर वर्षी खाली येतात. चांगला जगला तर चंदेरी दहाबारा वर्षं हा फेरा करतो.

मध्ये बंधारा आहे, म्हणून त्याच्या एका टोकाला माशांसाठी जिना बांधलाय. चौदा हौद, प्रत्येक आधीच्यापेक्षा वीतभर उंच. पाणी एकातून दुसऱ्यात पडत खाली येतं आणि मासा त्याला छाती देत वर चढतो. सगळ्यात वरच्या हौदात जाळी. सकाळी जाळीत आलेले मासे आम्ही मोजायचो, दर पाचव्या माशाचे चारपाच खवले घ्यायचो आणि त्याला वरच्या पाण्यात सोडायचो. खवल्यावर झाडाच्या बुंध्यासारखी वलयं असतात. उन्हाळ्यात मासा भराभर वाढतो, वलयं ऐसपैस पडतात. थंडीत वाढ खुंटते, ती दाटीने बसतात. एक दाट पट्टा म्हणजे एक हिवाळा. पट्टे मोजले की वय कळलं.

खवले कुठून घ्यायचे याचा नियम छापील होता. डावी कूस, पाठीच्या पराच्या खाली, कुशीवरच्या रेषेच्या वर. सगळ्या नद्यांवरच्या सगळ्या केंद्रांनी एकच जागा धरायची, म्हणजे तुलना करता येते. हा नियम भिंतीवर आधीपासून होता. मी आल्यावर तो मोठ्या अक्षरांत पुन्हा छापला आणि जुन्याच्या शेजारी लावला. मावशींनी दोन्ही कागद वाचले आणि विचारलं की यात वेगळं काय आहे. मी म्हटलं, अक्षर.

काही खवले मात्र मधोमध कोरे निघत. माशाचा खवला पडला की त्या जागी नवा येतो, पण तो घाईघाईने थेट पूर्ण मापाचा येतो, ठिगळासारखा. मागच्या वर्षांच्या रेघा त्यात नसतात. त्यावरून वय सांगता येत नाही, म्हणून अशा पाकिटावर ‘कोरा’ असा शिक्का मारायचा, वहीत नोंद करायची नाही आणि पाकीट टाकून द्यायचं. हाही नियमच होता.

मावशींची एक सवय मला खटकायची. खवले काढून झाले की त्या माशाच्या डोक्यावर ओला तळवा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "उपकार झाले. जा आता, वर पाणी चांगलं आहे." प्रत्येक माशाला, एका सकाळी चाळीस मासे असले तरी चाळीस वेळा. एकदा मी वैतागून विचारलं की त्याला ऐकू तरी येतं का. मावशी म्हणाल्या, येतं की, त्याच्या कानातलं हाड तुम्हीच मला दाखवलंत ना परवा.

दुसऱ्या वर्षी मी माझा पहिला अहवाल लिहिला. जुन्या वह्या काढून बसले आणि मला वाटलं की घबाड सापडलं. पूर्वी जिना चढणाऱ्यांत सहा, आठ, दहा वर्षांचे मासे भरपूर असायचे. अकरा वर्षांपूर्वीपासून ते कमी होत गेले आणि अलीकडे तर सगळे तीनचार वर्षांचे, पहिल्यांदा चढणारे. निष्कर्ष माझ्या मते उघड होता. मासा एकदा वर जातो आणि परत येत नाही. एकतर वर मरतो, नाहीतर उतरताना बंधाऱ्यावरून पडून मरतो. जिना म्हणजे सापळा झालाय. त्याचं तोंड बंद करावं आणि खालच्या बाजूला गोटे टाकून अंड्यांची सोय करावी. मोठ्या साहेबांना अहवाल फार आवडला. अखेरच्या निर्णयासाठी बैठक ठरली आणि तोंड बुजवण्याचं माप घ्यायला गवंड्यालाही निरोप गेला.

मी तो अहवाल मावशींना वाचून दाखवला, म्हणजे खरं तर मिरवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. मग हातातला चिमटा पुसत त्यांनी विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं मी त्यांना वर पाणी चांगलं आहे सांगून मरायला पाठवत होते?"

मी म्हटलं, दुर्दैवाने तसंच दिसतंय. हे मी ज्या सुरात म्हटलं तो सूर मला आजही आठवतो आणि आजही कान गरम होतात.

दुसऱ्या दिवसापासून मावशी माशाच्या डोक्यावर हात ठेवायच्या, उपकार झाले म्हणायच्या आणि तिथेच थांबायच्या. पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. मासा सोडताना त्या वरच्या पाण्याकडे बघायच्याही नाहीत.

त्याच सुमारास त्यांचा डावा खांदा आखडला. हात पुढे जाईना की वर होईना. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, पण मावशींच्या निवृत्तीला सहा महिने राहिले होते आणि मोसम ऐन भरात होता. त्यांनी रजा घेतली नाही. मला वाटलं होतं की कामाचा वेग कमी होईल, पण रोजची पाकिटं नेहमीसारखीच येत राहिली.

तीन आठवड्यांनी मी त्या पाकिटांमधले खवले सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. पहिला मासा सात वर्षांचा निघाला. दुसरा नऊ. मग एक चार वर्षांचा, मग आठ, पुन्हा नऊ. मी पट्ट्या पुसून पुन्हा पाहिल्या. माझ्या अहवालाप्रमाणे नदीत असे मासे उरलेच नव्हते. मावशींनी जुने खवले मिसळले अशी माझी खात्री झाली आणि मी तणतणत खाली गेले.

मावशी हौदाशी उभ्या होत्या. ओल्या स्पंजवर मासा होता आणि तो उलटा होता. नेहमी डोकं त्यांच्या डाव्या हाताला असायचं, आज उजव्या. आखडलेल्या खांद्याने डोकं दाबून धरता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मासा फिरवून घेतला होता. धडधाकट उजव्या हाताने डोकं धरलेलं आणि डावं कोपर अंगाशी ठेवून चिमटा चालवत होत्या. त्यामुळे वर आली होती माशाची उजवी कूस. तीन आठवडे त्या उजव्या कुशीचे खवले घेत होत्या आणि हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

माझा तोल गेला. भिंतीवर दोन-दोन कागद लावलेत ते शोभेला का, तीन आठवड्यांचं काम पाण्यात गेलं, सगळी पाकिटं टाकून द्या, असं मी बरंच काही बोलले. मावशी ओशाळल्या. माझी चूक झाली म्हणाल्या. मासा सोडला, हात धुतले आणि मग एकदम माझ्याकडे वळल्या.

"माशाला बाजू दोन असतात, मॅडम. वयं दोन नसतात."

मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, आणि पाय आपटत निघाले. दोन नंबर मोठा बूट डबक्यात रुतला आणि मी नुसत्या मोज्यावर तीन पायऱ्या चढून गेले. परत खाली येऊन बूट घेऊन जाण्याइतकं अवघड काम मी आयुष्यात क्वचित केलं असेल. मावशींनी माझी लाज राखली. त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर काचपट्ट्यांच्या पाच जोड्या मांडून ठेवलेल्या होत्या. एकेका माशाच्या दोन्ही कुशीचे खवले. मी पहिली जोडी लावली. डावा कोरा. उजवा आठ वर्षांचा. दुसरी जोडी, डावा कोरा, उजवा नऊ. पाचपैकी चार जोड्या अशाच. पाचवा मासा तीन वर्षांचा होता, त्याचे दोन्ही खवले स्वच्छ वाचता येत होते.

म्हातारे मासे कुठे नाहीसे झाले नव्हते. दर वर्षी ते आमच्या हातात येत होते, आणि डाव्या कुशीचा खवला कोरा निघाला की आम्ही त्यांना वहीत न घेता कचऱ्यात टाकत होतो. वहीत उरत होते फक्त कोवळे, पहिल्यांदा चढणारे. आणि त्या वहीवर मी ऐटीत सही ठोकून अहवाल लिहिला होता.

मी मावशींना बोलावलं आणि पहिल्यांदाच खुर्ची दिली. म्हटलं, चार मासे म्हणजे पुरावा नव्हे. गेल्या अकरा वर्षांतले कोरे खवले असते तर गोष्ट वेगळी, पण ते फेकले गेले. मावशी एप्रनच्या गाठीशी खेळत बसल्या. मग हळूच म्हणाल्या की ते फेकलेले नाहीत.

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर त्या मला यजमानांच्या दुकानात घेऊन गेल्या. दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबावं एवढं ते दुकान. भिंतीवर घड्याळंच घड्याळं आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. मागच्या भिंतीला छतापर्यंत लाकडी खण, सुट्या भागांचे. खालच्या तीन ओळींवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या आणि चिठ्ठ्यांवर वर्षं लिहिली होती. यजमान डोळ्याचं भिंग वर सारून म्हणाले, "माझे काटे नि चक्रं डब्यात कोंबलेत बघा, आणि हिचे खवले खणात. हिला माशाचं वय रेघेवरून कळतं, माझं मात्र दर वाढदिवसाला दोन वर्षं जास्त सांगते."

मी खण ओढले. प्रत्येक पाकिटावर ‘कोरा’ असा शिक्का, आणि त्याखाली मावशींच्या गोल अक्षरात तारीख आणि माशाची लांबी. लांबी लिहायची गरज नव्हती. पाकिटं ठेवायचीही नव्हती. मी विचारलं की का ठेवलंत हे सगळं. त्यांना प्रश्न जरा विचित्रच वाटला.

"अंगावरचं काढून दिलं त्यांनी. दिलेलं फेकायचं कसं?"

मी त्या दुकानाच्या फरशीवर बसले आणि पाकिटं लावत गेले. दोन हजारांवर होती. वहीतले मासे सगळे आखूड, कोपरापासून मनगटापर्यंतही न भरणारे. पाकिटांवरचे मासे सगळे लांब. शिवाय खवले काही अगदी मुके नव्हते. मधला भाग कोरा, पण त्याच्याभोवती कुठे दोन, कुठे तीन, कुठे पाच पट्टे. म्हणजे ठिगळ लागल्यावर तो मासा आणखी तितके हिवाळे जगला होता. यजमानांनी दोनदा चहा आणून ठेवला आणि दोन्ही वेळा मी तो गार केला.

एवढं झालं तरी एक गोष्ट उरलीच. डावीच कूस का? त्याचं उत्तर गवंड्याने दिलं, आणि तो तर जिना बुजवायच्या मापासाठी आला होता. माप घेण्यासाठी जिन्याचं पाणी बंद केलं होतं. मावशी म्हणाल्या, आपणही उतरू या. आम्ही तिघं खालून एकेक हौद चढत गेलो. नवव्या हौदापाशी जिना डावीकडे वळतो. गवंडी तिथल्या आतल्या कोपऱ्यावरून हात फिरवून थांबला. हा कोपरा मूळचा नाही, तो म्हणाला, अकरा वर्षांपूर्वी पुरात दगड निघाला तेव्हा सिमेंटने भरून काढलाय. मग म्हणाला, आमच्याच हातचं काम आहे, पाणी सोडायची घाई होती, कड मोडून गोल करायची राहून गेली. कड कसली, सुरीची धार होती. पाण्याच्या जोरापुढे मासा आतल्या कोपऱ्याला अंग लावूनच वळतो. दर मोसमात प्रत्येक चंदेरी तिथे डावी कूस खरवडून घेत होता. कुशीवर ओरखडे आम्हालाही दिसायचे. दगडधोंड्यांची नदी आहे, ओरखडे असायचेच, असं म्हणून आम्ही शेजारचे शाबूत खवले काढायचो. पहिल्यांदा येणाऱ्याचे ते शाबूत असत. पुन्हा येणाऱ्याच्या अंगावर तिथे सगळी ठिगळंच.

मावशींनी सवयीने चिमटा काढला आणि कडेखालच्या भेगेत घातला. भेग खवल्यांनी गच्च भरली होती. नखासारखे, आरपार, चांदीचा मागमूस नसलेले. त्यांनी चारपाच तळहातावर घेतले, हौदाच्या कठड्यावर बसल्या आणि रडायला लागल्या. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"मेले नव्हते हो," त्या म्हणाल्या. "दर वर्षी येत होते. अंग सोलून घेत येत होते."

गवंडी टोपी काढून उभा राहिला. मला काय करावं ते कळेना, म्हणून मी त्यांच्या शेजारी बसले.

बैठक दुसऱ्या दिवशी दुपारी होती. जाताना गाडीत मावशींनी मांडीवर एक लाकडी खण धरला होता. निम्म्या रस्त्यात त्या म्हणाल्या की त्यांनी विचार केलाय. बाजू उलटी घेतल्यामुळे घोळ झाला, जुना हिशोबही आपणच चुकवला असेल, असं त्या सांगतील. त्यांचे सहा महिने राहिलेत, त्यांना कोण काय करणार. माझी मात्र सुरुवात आहे. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. उरलेल्या रस्त्यात मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि नाही म्हटलं नाही.

बैठकीत मोठे साहेब, आणखी पाचसहा जण आणि दाराशी गवंडी. माझा अहवाल प्रत्येकापुढे ठेवलेला होता. नवीन खवल्यांचं मी थोडक्यात सांगितलं, तेवढ्यात एका गृहस्थांनी विचारलं की मदतनीसाने नियम मोडून घेतलेल्या खवल्यांवर विश्वास कसा ठेवायचा. मावशी लगेच उठल्या. चूक माझी आहे, साहेब, असं त्यांनी सुरू केलं. उजव्या हाताने तो खण पोटाशी धरला होता, आखडलेला डावा हात अंगाशी लोंबत होता. अकरा वर्षं त्यांनी ज्यांना टाकलं नाही त्यांना घेऊन त्या उभ्या होत्या आणि माझ्यासाठी स्वतःला टाकायला निघाल्या होत्या. मला ते बघवेना. मी त्यांना खाली बसायला सांगितलं.

"नियम मावशींनी मोडला म्हणून आपल्याला कळलं," मी म्हटलं. "मी पाळत बसले म्हणून कळलं नव्हतं. अहवाल माझा आहे आणि तो चूक आहे."

मग मी खण टेबलावर ठेवला आणि पाकिटं एकेक करून पुढे सरकवली. मोठ्या साहेबांनी खिशातून चष्मा काढून बरीच पाकिटं पाहिली. शेवटी त्यांनी दाराकडे बघून गवंड्याला विचारलं की तो कोपरा गोल करायला किती वेळ लागेल.

"अर्धा दिवस, साहेब. चहापाणी धरून."

कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. जिना उघडा राहील, असं साहेबांनी तिथेच सांगितलं. मला लेखी समज मिळाली. ती मी अजून मावशींसारखी पाकिटात जपून ठेवली आहे, आणि पाकिटावर तारीखही घातली आहे.

आज त्या केंद्रात माझ्या हाताखाली सात माणसं आहेत. दोन्ही कुशीचे खवले घ्यायचे आणि कोऱ्यांचीही नोंद करायची, हा नियम आता सगळ्या केंद्रांच्या भिंतींवर आहे. नवा माणूस आला की मी आधी त्याचे बूट बघते. माझ्या हातून या नदीचं जे थोडंफार भलं झालं असेल त्याला मावशी कारण आहेत, हे मी भेटेल त्याला सांगते. त्यांना स्वतःला सांगायचं मला फार उशिरा सुचलं, तो दिवस मात्र लक्षात आहे.

कोपरा गोल होऊन जिन्यात पाणी सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी जाळीत एक भला मोठा चंदेरी आला. मावशींनी चिमटा माझ्या हातात दिला. दोन वर्षांत मी एकाही माशाचा खवला स्वतः काढला नव्हता, मी नुसती वाचणारी. ओल्या स्पंजवर त्याची डावी कूस वर घेतली. जुन्या ठिगळांचा पट्टा बोटाला लागत होता. दोन खवले काढले, त्याला उलटवला, उजव्या कुशीचे दोन काढले. तो शांत होता, फक्त कल्ले हलत होते. मग मी त्याला वरच्या पाण्यात धरला आणि सोडेना. मावशी माझ्याकडे बघत उभ्या होत्या. काय म्हणायचं असतं ते मला माहीत होतं. रोज सकाळी ते ऐकून मी वैतागले होते. पण माशाकडे बघून शब्द येईनात. मी मान वर केली.

"उपकार झाले, मावशी," मी म्हटलं.

त्यांचे डोळे भरून आले आणि त्या हसल्याही. तोवर त्यांनी मला कधी मॅडमखेरीज हाक मारली नव्हती.

"मला काय म्हणतेस, पोरी. त्याला म्हण, तो थांबलाय. आणि पुढचंही म्हण."

मी माशाच्या डोक्यावर ओला तळवा ठेवला आणि म्हटलं, उपकार झाले, जा आता, वर पाणी चांगलं आहे.